प्रवासात नेण्याची सुटी डिश: जागा, कोन, केबल आणि सिग्नल

रानवाट

तिपाईवर उभी करायची ६० सेंमीची छत्री, युनिव्हर्सल एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा डबा), २० मीटर केबल आणि घरचाच सेटटॉप बॉक्स. एवढं सामान घेऊन मुक्काम बदलत राहायचं असेल तर प्रत्येक नव्या जागी डिश कुठल्या क्रमाने लावावी? घरची डिश एकदा बसली की वर्षानुवर्षं हलत नाही, त्यामुळे तिथे दोन तास गेले तरी चालतं. मुक्कामावर मात्र अंधार पडायच्या आत चित्र दिसायला हवं. बहुतेक ठिकाणी "होकायंत्राने दिशा पाहा आणि फिरवत राहा" एवढंच सांगितलेलं असतं. जाणकारांनी कोन, मापं, केबल, वारा, बॉक्सचं सेटिंग असं सगळं तपशिलात लिहावं ही विनंती.

ध्रुवमत्स्य

डिशच्या तीन गोष्टी जुळाव्या लागतात. अझिमथ, म्हणजे उत्तरेपासून मोजलेली आडवी दिशा. एलिव्हेशन, म्हणजे क्षितिजापासूनचा चढ. आणि स्क्यू, म्हणजे एलएनबीला स्वतःभोवती द्यायचा पीळ. तिन्ही एकदम हलवत बसलं तर रात्र होईल. यातले एलिव्हेशन आणि स्क्यू सिग्नल नसतानाही मोजून पक्के करता येतात. ते केले की शोधायला फक्त डावं-उजवं उरतं. माझी सगळी पद्धत यावर उभी आहे, आणि खांब ओळंब्यात नसेल तर ती पहिल्याच पायरीला कोसळते.

खांब ३ अंश कलला असेल तर डिश फिरवताना एलिव्हेशनही सोबत बदलत जातं. एका बाजूला ३ अंश जास्त, विरुद्ध बाजूला ३ अंश कमी. ६० सेंमीच्या डिशचा झोत, म्हणजे ती आकाशाच्या जेवढ्या भागातून सिग्नल घेते तो, साधारण ३ अंशांचाच असतो. म्हणजे दिशा अगदी बरोबर आली तरी डिश उपग्रहाच्या वरून किंवा खालून निघून जाते आणि माणूस "इथे सिग्नलच येत नाही" म्हणून आवरतं घेतो. म्हणून तिपाई ठेवल्यावर खांबाला एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन बाजूंनी पाणसळ लावा. जमीन उतरती असेल तर पायाखाली लाकडी ठोकळे घाला. मऊ मातीत पायांखाली फळी हवीच, कारण पाऊस पडला की एक पाय खचतो.

त्यापुढचा क्रम असा:

१. त्या जागेचे अक्षांश-रेखांश आणि उपग्रहाचा रेखांश यांवरून तिन्ही कोन काढून कागदावर लिहा. यासाठी मोबाइल अ‍ॅप पुरतं. रेंज नसलेल्या ठिकाणी जायचं असेल तर निघण्याआधीच लिहून ठेवा.

२. त्या दिशेला, त्या चढाने आकाश मोकळं आहे का ते पाहा. ते नसेल तर पुढचं काही करू नका, जागा बदला.

३. तिपाई, ओळंबा, वजन. वजन आत्ताच लटकवा. नंतर लटकवलं तर तिपाई बसते आणि जुळलेला कोन हलतो.

४. स्क्यू लावा, एलिव्हेशन लावा. एलिव्हेशनचे बोल्ट जवळजवळ पूर्ण आवळा.

५. केबल जोडा, बॉक्स चालू करा, सिग्नलच्या पडद्यावर योग्य ट्रान्सपॉन्डर (उपग्रहावरचा, ठराविक वारंवारतेवर काही चॅनेल पाठवणारा प्रक्षेपक) निवडा.

६. अंदाजाच्या दिशेच्या २० अंश अलीकडून सुरुवात करून २० अंश पलीकडे, हळूहळू फिरवत जा.

"हळूहळू"चं माप असं. ३८ मिमी जाडीच्या खांबाच्या परिघावर १ अंश म्हणजे जेमतेम ०.३३ मिमी. खांबाकडे पाहून तेवढं हलवणं हाताला शक्यच नाही. एलएनबीच्या दांड्याचं टोक खांबापासून ५० सेंमीवर असेल तर तिथे तोच १ अंश जवळपास ९ मिमी भरतो. म्हणून नेहमी दांड्याचं टोक धरून हलवा. एका वेळी एक सेंमी सरकवायचं, हात काढायचा आणि चार-पाच सेकंद थांबायचं. बॉक्सला सिग्नल ओळखून धरायला तेवढा वेळ लागतो. सलग फिरवत राहिलात तर उपग्रह झोतातून येऊन जातो आणि पडद्यावर काही उमटतही नाही.

मोजपट्टी

कोनांचं गणित हातानेही होतं. उत्तर गोलार्धासाठी सूत्र देतो.

उपग्रहाचा आणि जागेचा रेखांश यांतला फरक "फ" धरा. टॅन(फ) ला साइन(अक्षांश) ने भागा आणि आलेल्या संख्येचा टॅन-व्यस्त काढा. उपग्रह तुमच्या पूर्वेला असेल तर तो कोन १८० तून वजा करा, पश्चिमेला असेल तर १८० त मिळवा. हा अझिमथ.

एलिव्हेशनसाठी आधी कॉस(अक्षांश) × कॉस(फ) काढा, त्याला "क" म्हणू. (क − ०.१५१) ला (१ − क²) च्या वर्गमुळाने भागायचं आणि टॅन-व्यस्त घ्यायचा. ०.१५१ ही पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ किमी आणि भूस्थिर कक्षेची त्रिज्या ४२,१६४ किमी यांची भागणी आहे.

स्क्यू म्हणजे साइन(फ) ÷ टॅन(अक्षांश) चा टॅन-व्यस्त.

उदाहरण म्हणून जागा २० अंश उत्तर, ७५ अंश पूर्व आणि उपग्रह ८५ अंश पूर्व धरा. फरक १० अंश. अझिमथ १५२.७, एलिव्हेशन ६३.९, स्क्यू २५.५. आता त्याच अक्षांशावर २ अंश पश्चिमेला, म्हणजे साधारण २१० किमी सरकलात तर अझिमथ १४८.१ आणि एलिव्हेशन ६२.८ होतं. चढ एका अंशाने आणि दिशा साडेचार अंशांनी बदलली. आधीच्या मुक्कामाच्या खुणा खांबावर करून ठेवणारे इथेच फसतात. खुणा त्या जागेपुरत्याच खऱ्या.

उपग्रह जितका डोक्यावर तितकी दिशेतली चूक जास्त खपते. एलिव्हेशन ६४ असताना अझिमथमधला १ अंश आकाशात प्रत्यक्षात ०.४४ अंशच भरतो (६४ चा कॉस). म्हणून डोक्यावरच्या उपग्रहासाठी दिशेपेक्षा चढ काटेकोर हवा. क्षितिजाजवळच्या उपग्रहासाठी दोन्ही सारखेच काटेकोर.

तांबेतार

मोजपट्टींनी एलिव्हेशन काढून दिलं, पण ते डिशवर लावायचं कसं यात निम्मे लोक अडखळतात. आपल्या हातातली छत्री बहुतेक वेळा ऑफसेट प्रकारची असते. तिचं तोंड जिकडे दिसतं तिकडे ती "पाहत" नसते. तिची नजर तोंडापेक्षा २० ते २६ अंश वर असते. त्यामुळे नीट लागलेली डिश डोळ्यांना खाली झुकल्यासारखी वाटते. तसं वाटलं म्हणून ती आणखी मागे कलंडवायची नाही.

ऑफसेट किती ते डिशवर टेप लावून कळतं. आडवं माप भागिले उभं माप, आणि त्याचा कॉस-व्यस्त. आडवी ६०, उभी ६६ सेंमी असेल तर ०.९०९, म्हणजे सुमारे २४.६ अंश. एलिव्हेशन ६३.९ हवं असेल तर डिशचं तोंड उभ्या रेषेपासून मागे ६३.९ − २४.६ = ३९.३ अंश कललेलं हवं. डिशच्या वरच्या आणि खालच्या कडेवर टेकेल अशी सरळ लाकडी पट्टी धरा आणि तिच्यावर मोबाइलमधला कोनमापक ठेवा. तो आडव्यापासून मोजत असेल तर ५०.७ दाखवेल, उभ्यापासून मोजत असेल तर ३९.३.

ब्रॅकेटवर कोरलेली पट्टी असतेच, आणि तिच्यात ऑफसेट बहुधा आधीच धरलेला असतो. पण हलक्या डिशवर त्या पट्टीत दोन-तीन अंशांची चूक सहज निघते. मी मोबाइलच्या मापावर विश्वास ठेवेन. त्यासाठी आधी मोबाइल पाणसळीने तपासलेल्या सपाटीवर ठेवून शून्य करून घ्यायचा आणि त्याचं जाड कव्हर काढायचं.

स्क्यूची दिशा लोक हमखास उलटी लावतात. उत्तर गोलार्धात, डिशच्या मागे उभं राहून उपग्रहाकडे तोंड केलं आणि उपग्रह दक्षिणेच्या पूर्वेला असेल तर एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. पश्चिमेला असेल तर घड्याळाच्या दिशेने. डिशसमोर उभं राहून पाहत असाल तर हेच नेमकं उलटं. हे सगळं सरळ रेषेतल्या, म्हणजे आडव्या-उभ्या ध्रुवणासाठी आहे (ध्रुवण म्हणजे लहर ज्या दिशेत कंप पावते ती). सेवा वर्तुळाकार ध्रुवणावर असेल तर स्क्यूचा प्रश्नच येत नाही. आणि काही उपग्रहांचं ध्रुवणच मुळात तिरकं ठेवलेलं असतं, तिथे अ‍ॅपमध्ये उपग्रहाचं नाव निवडून आलेला आकडाच घ्यावा.

रानवाट

मोलाची माहिती. जागा निवडताना झाड आणि भिंत किती लांब हवी? आणि डिश टपावर, उंचावर ठेवल्याने काही फायदा?

ध्रुवमत्स्य

उंचीचा काहीही फायदा नाही. उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किमी उंचीवर आहे, त्यात आपण तीन मीटर वर चढून काय मिळवणार. उंचावर वारा मात्र जास्त लागतो. शिवाय गाडीच्या टपावर ठेवली की आत कोणी चाललं तरी स्प्रिंगवर गाडी डुलते आणि डिशही. डिश जमिनीवर, गाडीपासून वेगळी ठेवा. उंचावर नेण्याचं कारण एकच, ते म्हणजे समोरचा अडथळा ओलांडणं.

अडथळ्याचं अंतर असं काढा: डिशच्या पातळीपासून अडथळा जितका वर गेला आहे ती उंची भागिले एलिव्हेशनचा टॅन. झाड ६ मीटर वर गेलं असेल आणि एलिव्हेशन ६४ असेल तर ३ मीटर अंतर पुरतं. एलिव्हेशन ३० असेल तर साडेदहा मीटर लागतं. त्यावर मीटर-दीड मीटर जास्तीचं धरा. पाना-फांद्यांतून "थोडा तरी येईल" असं होत नाही. पानांत पाणी असतं आणि केयू बँडच्या लहरी, म्हणजे १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झ, पाणी शोषून घेतं. विरळ फांदीतून आलाच तर वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीला चित्र फुटतं.

तंबूचं कोरडं कापड बरंचसं पारदर्शक असतं, पण तेच भिजलं की सिग्नल गेलाच समजा. खिडकीच्या काचेआडून लावायचा विचार सोडून द्या. उन्हापासून बचावासाठी काचेवर धातूचा थर असतो तेव्हा तर मुळीच नाही.

वारापाऊस

वजनाबद्दल लिहितो, कारण "एखादा दगड ठेवा" एवढ्याने भागत नाही.

६० सेंमीच्या डिशचं क्षेत्रफळ सुमारे ०.२८ चौ. मीटर. ताशी ५० किमीच्या वाऱ्यात तिच्यावर साधारण ४ किलो वजनाएवढा दाब येतो, ताशी ८० किमीला १० किलोएवढा. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. आता तिपाईचे पाय मध्यापासून ६० सेंमी पसरले असतील तर ती ज्या कडेवरून उलटते ती कड मध्यापासून फक्त ३० सेंमीवर असते. डिशचा मध्य जमिनीपासून १ मीटर उंच असेल तर ताशी ५० किमीच्या वाऱ्याला तोलायला मध्यात १३ किलोंहून जास्त वजन हवं, आणि ताशी ८० किमीला ३३ किलो. हाच मध्य ६० सेंमीवर आणला तर ५० किमीच्या वाऱ्यासाठी ८ किलो पुरतात. म्हणून खांब आखूड, पाय जास्तीत जास्त पसरलेले आणि मध्यात पाण्याचा कॅन. १५ लिटरचा कॅन म्हणजे १५ किलो. येताना भरलेला आणावा लागत नाही, जागेवर भरता येतो. कॅन जमिनीला किंचित टेकलेला ठेवा. अधांतरी लटकला तर वाऱ्यात झुलून तिपाईच हलवतो.

तीनपैकी एक पाय डिशच्या बरोबर मागे ठेवा. समोरून येणारा वारा छत्रीच्या पोकळीत भरून तिला मागे ढकलतो आणि त्या बाजूला तिपाईला ६० सेंमीचा पूर्ण आधार मिळतो.

खांबाच्या वरच्या टोकापासून तीन बाजूंना ताणदोर आणि खुंट्या लावल्या तर वजन कमी चालतं. दोर न ताणणारा हवा. नायलॉनचा दोर ओला झाला की सैल पडतो. दोरांना रंगीत चिंध्या बांधा, रात्री पाय अडकतो. वादळाचा अंदाज असेल तर डिश लावून ठेवायचा हट्ट नको. छत्री काढून आडवी ठेवा, आणि विजा चमकत असतील तर केबल बॉक्सपासून सोडवा.

शिवारकर

अडचण विचारतो. सगळे कोन लावले. स्ट्रेंग्थ ८० दाखवते, क्वालिटी शून्य. डिश कितीही फिरवली तरी स्ट्रेंग्थ जवळपास तेवढीच राहते. एलएनबी गेला का?

तांबेतार

बहुधा नाही. स्ट्रेंग्थची पट्टी म्हणजे केबलमधून किती शक्ती येते आहे एवढंच. एलएनबी स्वतः ५० ते ६० डीबी (डेसिबल, सिग्नलची चढ-घट मोजायचं एकक) वर्धन करतो, त्यामुळे मोकळ्या आकाशाचा गोंगाटही बॉक्सला भरपूर "स्ट्रेंग्थ" वाटतो. केबल आणि एलएनबीला वीज पोचते आहे, हाच त्या ८० चा अर्थ. डिश लावताना पाहायची ती क्वालिटी. ती शून्याच्या वर उठते तेव्हाच बॉक्सने निवडलेल्या ट्रान्सपॉन्डरचा खरा सिग्नल धरलेला असतो.

तुमच्या लक्षणावर तपासायच्या गोष्टी, शक्यतेच्या क्रमाने:

बॉक्सचं सेटिंग घरचं आहे का? घरी डायसेक स्विच किंवा मल्टिस्विच (अनेक एलएनबींतून किंवा जोडांतून हवा तो बॉक्सला निवडून देणारे) असेल तर बॉक्स प्रत्येक वेळी "पोर्ट बी" वगैरे मागत राहतो. एकाच केबलवर अनेक बॉक्स चालवणारी एससीआर पद्धत घरी असेल तर बॉक्स भलत्याच ठराविक वारंवारतेवर ऐकत बसतो आणि साध्या एलएनबीवर त्याला काहीच सापडत नाही. मुक्कामावर डायसेक बंद, एससीआर बंद, एलएनबी "युनिव्हर्सल" असं सेटिंग हवं. "लागत नाही" म्हणणाऱ्यांचं घोडं बऱ्याचदा इथेच अडलेलं असतं.

स्थानिक दोलकाचे, म्हणजे एलएनबी आलेल्या वारंवारतेतून वजा करतो ते, आकडे बरोबर आहेत का? युनिव्हर्सल एलएनबीत ९,७५० आणि १०,६०० मेगाहर्ट्झ असे दोन असतात. ११,५०० चा ट्रान्सपॉन्डर ९,७५० वजा होऊन केबलमधून १,७५० वर येतो. बॉक्समध्ये १०,७५० टाकलेलं असेल तर तो ७५० वर शोधत बसेल. बॉक्स ऐकतो ते ९५० ते २,१५० च्या पट्ट्यात, म्हणजे कधीच सापडणार नाही.

ट्रान्सपॉन्डर अजून चालू आहे का? वारंवारता, ध्रुवण आणि सिम्बॉल रेट (माहिती पाठवण्याचा वेग) निघण्याआधी ताज्या यादीतून तपासा. तीन-चार वेगवेगळे लिहून ठेवा. एकच लिहिला आणि तो बंद झालेला असला तर डिश अचूक असूनही क्वालिटी शून्यच.

हे सगळं ठीक असेल तर एलिव्हेशन पुन्हा मोजा. मग एलिव्हेशन १ अंश वर करून सगळा पट्टा फिरवा, नंतर मूळ आकड्याच्या १ अंश खाली आणून फिरवा. अशा तीन फेऱ्यांत सापडायलाच हवा.

शिवारकर

एससीआर चालू होती. बंद केल्यावर दुसऱ्या फेरीत क्वालिटी ४५ आली. पण निम्मेच चॅनेल दिसतात.

मोजपट्टी

कुठले निम्मे, त्यावर उत्तर अवलंबून आहे. गेलेल्या चॅनेलांचे ट्रान्सपॉन्डर पाहा.

सगळे आडव्या ध्रुवणाचे गेले असतील तर १८ व्होल्ट पोचत नाहीत. बॉक्स १३ व्होल्ट देऊन उभं आणि १८ देऊन आडवं ध्रुवण मागतो. गंजलेला जोड किंवा पाणी शिरलेला कनेक्टर मधले व्होल्ट खातो आणि एलएनबी उभ्यावरच राहतो. वीस मीटर चांगल्या केबलमध्ये अर्धा व्होल्टही पडत नाही, त्यामुळे लांबीपेक्षा जोडांवर संशय घ्या.

११,७०० मेगाहर्ट्झच्या वरचे सगळे गेले असतील तर २२ किलोहर्ट्झचा टोन पोचत नाही किंवा सेटिंगमध्ये बंद आहे. एलएनबी वरच्या पट्ट्यावर जातो तो याच टोनमुळे.

गेलेल्यांत असा कुठलाच नियम दिसत नसेल तर डिश शिखरावर, म्हणजे क्वालिटी सगळ्यात जास्त येते त्या नेमक्या कोनावर, आलेली नाही. एकाच उपग्रहावर काही ट्रान्सपॉन्डर दणकट असतात, काही नाजूक. डीव्हीबी-एस२ या प्रसारण-पद्धतीत क्यूपीएसके ३/४ या दणकट सिग्नल-प्रकाराला साधारण ४ डीबी सिग्नल-गोंगाट प्रमाण पुरतं, ८पीएसके ३/४ या नाजूक प्रकाराला जवळपास ८ लागतं. डिश थोडी बाजूला असली की पहिले दिसतात आणि दुसरे गायब होतात. मग बारीक जुळवणी करा आणि ती नाजूक ट्रान्सपॉन्डरवरच करा.

ध्रुवमत्स्य

बारीक जुळवणीची कृती. अझिमथ डावीकडे हलवत जा, क्वालिटी उतरू लागली की तिथे खूण. मग उजवीकडे तितकीच उतरेपर्यंत, तिथे खूण. दोन्हींच्या मध्यावर आणून थांबा. एलिव्हेशनचंही तसंच. मग एलएनबी दोन-तीन अंशांनी फिरवून स्क्यू. शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत काही मिलिमीटर पुढे-मागे करून पाहा, बोल्टने पक्का बसणारा असेल तर हे सोडा.

बोल्ट आवळताना डिश सरकते, त्यामुळे समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा आणि नजर क्वालिटीवर ठेवा. सगळं आवळल्यावर छत्रीच्या वरच्या कडेला बोटाने हलका दाब द्या, मग खालच्या, डाव्या, उजव्या. चारही वेळा क्वालिटी उतरली तर तुम्ही शिखरावर आहात. एखाद्या बाजूला दाबल्यावर वाढली तर तिकडे अजून सरकायला जागा आहे. ही जागा सोडू नका, कारण पाऊस आला की तीच एखादी डीबी चित्र टिकवते. डिजिटल चित्र हळूहळू मंद होत नाही. चांगलं, चांगलं आणि मग एकदम काहीच नाही.

बरोबर उपग्रह लागला की शेजारचा, हे क्वालिटीवरून कळत नाही. शेजारच्या उपग्रहावर त्याच वारंवारतेचा ट्रान्सपॉन्डर असू शकतो. स्कॅन करून चॅनेलांची नावं किंवा नेटवर्कचं नाव पाहूनच खात्री करा.

वनजा

होकायंत्राचं कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते. मोबाइलचं होकायंत्र गाडी, तिपाई, कॅन-पेटी अशा लोखंडी वस्तूंजवळ दहा-वीस अंश सहज बहकतं. चुंबकाचं झाकण असलेलं कव्हर काढा, मोबाइल इंग्रजी आठाच्या आकारात फिरवून घ्या, आणि गाडीपासून चार-पाच मीटर दूर जा. अ‍ॅपमधला अझिमथ खऱ्या उत्तरेपासून मोजलेला असतो, सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर. दोन्हींतला फरक जागेप्रमाणे बदलतो. मोबाइलच्या सेटिंगमध्ये "खरी उत्तर" निवडण्याची सोय असते.

माप घ्यायची रीत: तिपाईच्या बरोबर मागे पाच मीटरवर उभ्या राहा, अझिमथच्या रेषेत तिपाई येईपर्यंत डाव्या-उजव्या सरका, आणि त्याच रेषेत लांबवर दिसणारी एखादी खूण धरा. झाडाचा शेंडा, खांब, इमारतीचा कोपरा. मग मोबाइल खिशात ठेवून डिश त्या खुणेकडे वळवा.

ऊन असेल तर याहून चांगला उपाय आहे. सूर्याचा अझिमथ उपग्रहाच्या अझिमथएवढा कोणत्या मिनिटाला होतो ते अ‍ॅपमधून काढा. त्या मिनिटाला ओळंब्यातल्या खांबाची सावली उपग्रहाच्या बरोबर उलट दिशेला पडते. ती रेषा खडूने आखून ठेवा. लोखंड जवळ असलं तरी काही बिघडत नाही. सूर्य अगदी डोक्यावर असेल त्या वेळी मात्र हे करू नका, सावली आखूड पडते आणि दिशा भराभर बदलते.

तांबेतार

केबल आणि जोडांविषयी, कारण सुट्या डिशची केबल रोज गुंडाळली-उलगडली जाते आणि तीच आधी मरते.

केबल ७५ ओहमची आरजी-६ घ्या, मधली तार शक्यतो भरीव तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तारही चालते, पण वारंवार वाकवल्यावर कनेक्टरजवळ तुटते. १,००० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे २० डीबी आणि २,१५० ला ३० च्या आसपास घट धरा. म्हणजे २० मीटरला जास्तीत जास्त ६ डीबी. एलएनबीच्या वर्धनापुढे ही घट किरकोळ आहे. म्हणूनच मध्ये अ‍ॅम्प्लिफायर लावून क्वालिटी सुधारत नाही. सिग्नल आणि गोंगाट यांचं प्रमाण एलएनबीपाशीच ठरलेलं असतं, अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही सारखेच वाढवतो. ते प्रमाण वाढवायचं तर डिश मोठी हवी. ६० ऐवजी ८० सेंमी घेतली की अडीच डीबी मिळतात.

कनेक्टर दाबून बसवायचे वापरा. पिळून चढवायचे रोजच्या हाताळणीत सैल होतात. पांढरं इन्सुलेशन कनेक्टरच्या आतल्या तळाशी समपातळीत यावं, मधली तार नटाच्या कडेपुढे दोन-तीन मिमी निघावी. जाळीचा एकही केस मधल्या तारेला टेकता कामा नये. टेकला की १८ व्होल्ट शॉर्ट होतात आणि बॉक्स "एलएनबी शॉर्ट" म्हणून थांबतो. याच कारणासाठी केबल जोडता-सोडताना बॉक्सचा प्लग काढलेला असावा.

एलएनबीपाशी केबलला खाली झोल द्या म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता झोलाच्या तळातून ठिबकेल. मुक्काम चार दिवसांहून मोठा असेल तर जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. केबल सात सेंमीपेक्षा लहान वळणात मुडपू नका आणि गाडीच्या दारात चेपू नका. खिडकीतून न्यायची चपट्या केबलची पट्टी सोयीची, पण तिच्या दोन टोकांचे जोड पाण्याला सगळ्यात कच्चे.

रानवाट

बाजारात मिळणारा सुईचा किंवा बीप करणारा, सिग्नल शोधायचा छोटा फाइंडर घ्यावा का? आणि वीज नसलेल्या ठिकाणी बॅटरीचा हिशेब कसा?

मोजपट्टी

सुईवाला फाइंडर कुठल्याही उपग्रहाला बीप करतो, कुठला ते सांगत नाही. डिशजवळ एकटे असाल आणि टीव्ही आत असेल तर उपयोगी. तो एलएनबी आणि बॉक्स यांच्यामध्ये जोडतात. डिश रिकाम्या आकाशाकडे असताना नॉब फिरवून बीप जेमतेम बंद करा, मग शोधा. बीप वाढली की नॉब पुन्हा खाली. नॉब पूर्ण चढवून ठेवला तर झाडाकडे धरली तरी डिश ओरडते. काम झालं की फाइंडर काढून टाका, तोही थोडी घट करतो. ट्रान्सपॉन्डर भरून क्वालिटी दाखवणारा डिजिटल मीटर असेल तर बॉक्स बाहेर आणायची गरजच पडत नाही.

बॅटरीचं गणित सोपं आहे. बॉक्स आणि एलएनबी मिळून १० वॉट, १२ व्होल्टवर चालणारा छोटा टीव्ही २५ वॉट. एकूण ३५ वॉट म्हणजे जवळपास ३ अँपिअर. चार तासांना १२ अँपिअर-तास. शिसं-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणून किमान २६ अँपिअर-तासांची घ्या. बॉक्स बॅटरीला थेट जोडू नका. गाडी चार्ज करत असताना व्होल्ट १४.४ पर्यंत चढतात आणि रात्री १२ च्या खाली जातात. मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा कन्व्हर्टर हवा, ३ अँपिअर सहज पेलणारा, आणि ओळीत फ्यूज. इनपुट कमी झालं तरी १२ देत राहील असा, म्हणजे चढ-उतार दोन्ही सांभाळणारा घ्या. नुसता उतरवणारा असेल तर बॅटरी खाली आली की बॉक्स पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहतो.

वारापाऊस

दोन गोष्टी राहिल्या. पहाटे दव एलएनबीच्या टोपीवर आणि छत्रीवर साचतं आणि क्वालिटी उतरते. मऊ कोरड्या फडक्याने पुसलं की परत येते. टोपीला बारीक तडा असेल तर आत पाणी जातं, मग पुसून उपयोग नाही, एलएनबी बदला. एक जास्तीचा सोबत असावाच.

दुसरं म्हणजे सूर्य. उत्तर गोलार्धात मार्चच्या विषुवदिनाच्या आधी आणि सप्टेंबरच्या विषुवदिनानंतर काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागून जातो. त्या दिवसांत रोज ठराविक वेळी काही मिनिटं सिग्नल जातो आणि आपोआप परततो. तेवढ्यात पाना हातात घेऊन जुळलेली डिश हलवू नका. हीच वेळ दुसऱ्या कामाची आहे: सिग्नल जातो त्या मिनिटांत एलएनबीची सावली कुठे पडते त्याची खूण करून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला सावली त्या खुणेजवळ आली नाही, तर रात्रीत तिपाई हलली आहे.